सावलीत ठेवलेली पेटी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. हेमाला नाही, मुलीला नाही, देवासमोर हात जोडूनसुद्धा नाही — तिथे मी सराईतपणे दुसऱ्याच गोष्टी बोलत आलो. आता एक्याऐंशी वर्षांचा आहे. सांगायचं असेल तर आता, नाहीतर राहिलंच.

निमित्त केतकीचं. आपल्या टोकियोच्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम यंदा तिच्याकडे आहे. तिचा फोन आला, "काका, तुमच्या घरावर लिहा ना. जुन्या वस्तू कुठे मिळाल्या, कशा मांडल्या. आमची घरं म्हणजे नुसते खोके हो! आणि ती कोबेची पेटी विसरू नका हं, सगळ्यांना तीच वाचायची आहे."

"लिहितो," म्हणालो.

त्याला नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत मी भिंतीवरची चित्रं दोनदा खाली उतरवून पुन्हा वर लावली, चहाच्या डब्यांची रांग मोडून परत तशीच केली. आता हे लिहितानाही तीनदा उठलोय. एकदा खिडकी लावायला, एकदा उघडायला. तिसऱ्यांदा कशाला, ते आठवत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्या घरी येऊन गेलेत. ओजिमाच्या या दांचीत — सरकारी वसाहतीत — नवव्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक माझी चित्रांची. चार खुर्च्या, चारही वेगळ्या. सोबाच्या, म्हणजे इथल्या शेवयांच्या, बंद पडलेल्या दुकानाची पाटी आडवी करून केलेलं टेबल. झाकण हरवलेल्या लोखंडी किटलीत लावलेला मनीप्लांट. मासेमारीच्या जाळ्याला बांधायचे हिरव्या काचेचे गोळे. यातलं नवं असं काहीच नाही. कोबेला कापडाच्या एका व्यापाऱ्याकडे मी पंचवीस वर्षं डिझाइन काढायचं काम केलं. तेव्हापासूनची ही सवय. सुट्टीच्या दिवशी देवळाच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरे, आणि मी सकाळी पिशवी घेऊन निघे. हेमा म्हणायची, "लोक देवळातून प्रसाद आणतात, हे भंगार आणतात." पण मग तीच ते भंगार घासूनपुसून लख्ख करायची.

निवृत्त होऊन मुलीजवळ, इकडे टोकियोत आलो, तेव्हा हाती लागला मोठ्या कचऱ्याचा कोपरा.

तुम्हाला हे माहीत आहे, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. इथे खुर्ची टाकायची तरी आधी फोन करावा लागतो. दिवस ठरतो. कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, स्टिकर विकत आणायचा, त्यावर आपलं नाव नाहीतर नंबर लिहायचा, वस्तूवर चिकटवायचा आणि त्या दिवशी सकाळी ती ठरलेल्या जागी ठेवायची. मग गाडी येते. स्टिकर असलेली वस्तू उचलायलाही खरं तर परवानगी नाही, पण आमचे केअरटेकर मोरितासान माझ्याकडे काणाडोळा करत. ओक हे आडनाव त्यांच्या तोंडी 'ओकुसान' होई. जपानीत ओकुसान म्हणजे दुसऱ्याची बायको! आणि ते गंभीर चेहऱ्याने म्हणत, "ओकुसान, आज काही खास नाही. एक पंखा आहे, पण तोही हवा घालायला नाही म्हणतो."

मी एक नियम ठरवला होता. स्टिकर असेल तर घ्यायचं. स्टिकर म्हणजे मालकाने सोडलं. मला या नियमाचा अभिमान होता. पाहुण्यांना मी तो ऐकवत असे.

कळतंय ना मी कुठे चाललोय? मीही रेंगाळतोच आहे.

तळमजल्यावर इशिदासान राहायच्या. वय तेव्हा ऐंशीला एखादं वर्ष कमी. नवरा सुतार — घरांची दारं, खिडक्या, जाळ्या बनवणारा — कधीच गेलेला. त्या कपडे दुरुस्त करून देत. हेमाच्या कोटाच्या बाह्या त्यांनीच आखूड केल्या होत्या. हेमा त्यांना चिवडा नेऊन द्यायची, त्या तो चहाबरोबर एक-एक शेंगदाणा वेचून खायच्या. त्यांच्या शिवणाच्या टेबलाजवळ एक पेटी असायची. सात खणांची, माझ्या मांडीइतकी उंच, किरीच्या लाकडाची. किरी म्हणजे वजनाला अगदी फुलासारखं, रंगाला फिकट, सायीसारखं. नवऱ्याने लग्नात स्वतः बनवून दिलेली. प्रत्येक खणात एका रंगाचा दोरा, आणि खणावर कागदाची पट्टी. पट्टीवर त्याने कुंच्याने लिहिलेलं रंगाचं नाव. पांढरा. गडद निळा. शेंदरी. मी चित्रकार माणूस. त्या सात पट्ट्या पाहून मला काय झालं असेल?

मी थट्टेत विचारलंही होतं, "ही मला कधी देणार?"

त्या हसल्या. "मी मेल्यावर, ओकुसान. तोवर नाही."

अकरा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. हवा कोरडी, आकाश स्वच्छ. सकाळी अकराच्या सुमारास मी दूध आणायला खाली उतरलो. जिन्याच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, ती पेटी ठेवलेली होती. सातही खण बाहेर काढून भिंतीला टेकवून ओळीने उभे केलेले, मध्ये बोट जाईल इतकी फट सोडून. दहा पावलांवर मोठ्या कचऱ्याचा कोपरा. तिथे त्या दिवशी एक गादी होती आणि एक कपाट, दोन्हीवर स्टिकर.

पेटीवर स्टिकर नव्हता.

मला ते काय आहे हे कळलं नाही, असं म्हणू? जपानी माणसं वर्षातून एकदा, कोरड्या हवेत, लाकडाच्या आणि कापडाच्या वस्तू बाहेर काढून वारा देतात. किरीला थेट ऊन लावत नाहीत, तडकते, म्हणून सावली. आणि मी कोणत्या घरातला? नवरात्राच्या आधी आमच्याकडे गाद्या, पोथ्या, आईच्या पैठण्या, सगळ्याला ऊन दाखवत. पैठणीला उलटं करून, पातळ धोतराखाली. राखण करायला आम्हा भावंडांना बसवत. वाळत घातलेलं आणि टाकून दिलेलं यातला फरक मला कळणार नाही? खणांमध्ये बोटभर फट कोण सोडतं — टाकून देणारा?

मला कळलं होतं. पाहताक्षणी कळलं होतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. खण एकेक करून आत सरकवले. ते इतके नीट बसत गेले की शेवटचा ढकलताना आधीचा हवेने आपोआप थोडा बाहेर आला. सुताराचा हात! मला त्या क्षणी आनंद झाला, हे लिहायलाच हवं. भीती नंतरची. पेटी उचलली, लिफ्टमध्ये शिरलो. आमच्या लिफ्टला मागच्या भिंतीवर आरसा आहे. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

चार मिनिटांत सगळं आटोपलं. हेमा मुलीकडे गेलेली होती. माझ्या चित्रांच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे, त्यात कॅनव्हासच्या मागे पेटी गेली. दूध राहिलंच.

दुपारी कचऱ्याची गाडी आली आणि गादी, कपाट घेऊन गेली.

संध्याकाळी लिफ्टजवळ एक कागद लागला. सुबक अक्षर. पेटीचं पेन्सिलने काढलेलं चित्र, सातही खण, प्रत्येकावर छोटी पट्टी. खाली लिहिलेलं — कोणी चुकून नेली असेल तर दाराशी ठेवावी, मी रागावणार नाही.

मी रागावणार नाही. तो कागद तीन आठवडे तिथे होता. दिवसातून चार वेळा तरी मी त्याच्यासमोर लिफ्टची वाट पाहत उभा राहिलो. ठेवता आली नसती का दाराशी? तळमजला. लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडचं तिसरं दार. कोणीही काही विचारलं नसतं. त्यांनी तसं लिहूनच दिलं होतं.

नाही ठेवली. का? तिसऱ्या दिवशी मी पट्ट्या काढल्या होत्या. ओलं फडकं ठेवून, पातळ सुरी घालून. रंगांची नावं — मी, आयुष्यभर रंगांवर जगलेला माणूस — एकेक करून खरवडली. सहांचा लगदा झाला. 'शेंदरी' तेवढी अख्खी निघाली, ती मी फाडली. मग चहाच्या काढ्यात काजळी घालून लाकडाला पुटं दिली. सायीच्या रंगाची पेटी काळसर तपकिरी झाली. कड्या बदलल्या. सगळ्यात खालच्या खणाच्या तळाला पेन्सिलने दोन शब्द लिहिलेले सापडले — 'फुमीसाठी'. फुमी हे इशिदासानचं नाव. तेवढे मात्र पुसले नाहीत. हात थांबला म्हणून माझं चांगलं मोजू नका. तळाला कोण बघणार होतं?

पण चोरी ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी पुढे आहे.

आठवड्याने त्यांची मुलगी, योशिएसान, दुसऱ्या गावाहून आली. आईने फोनवर सांगितलं होतं की पेटी चोरीला गेली. मोरितासान म्हणाले असतील, आमच्या दांचीत चोरी होत नाही. त्या दिवशी मोठ्या कचऱ्याची गाडी आली होती. ओकुसानला विचारा, त्यांची नजर पडल्याशिवाय त्या कोपऱ्यातून काही हलत नाही. खाली, टपालाच्या पेट्यांपाशी तिने मला गाठलं. कमरेत वाकली. विचारलं, "आईची पेटी तुम्ही त्या दिवशी तिथे पाहिलीत का?"

मी म्हणालो, "हो, पाहिली."

आणि मग — मला कोणी विचारलं नव्हतं, कोणी भाग पाडलं नव्हतं — मी म्हणालो, "स्टिकर होता त्यावर. गाडीने नेली."

एवढंच. तिचा चेहरा मला दिसला. सुटल्यासारखा आणि त्याच वेळी खचल्यासारखा. चोर नाही, म्हणून सुटलेला. आणि मग आई? आईने फोन केला, स्टिकर आणला, त्यावर नाव लिहिलं, पेटी बाहेर ठेवली, आणि यातलं काहीच तिला आठवत नाही? एका स्टिकरच्या मागे किती कामं असतात बघा. ती सगळी मी एका वाक्यात त्या बाईच्या हातून करवून घेतली आणि तिच्या डोक्यातून पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी इशिदासान वर आल्या. प्रथमच. दारात उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. त्या उभ्या होत्या तिथून ते कपाट फार तर आठ पावलं.

"ओकुसान, मी खरंच स्टिकर लावला होता?"

मी म्हणालो, "आपल्या वयात होतं असं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असं होय." आभार मानले आणि लिफ्टकडे गेल्या. लिफ्ट आली तरी आत शिरल्या नाहीत. दार बंद झालं, पुन्हा बटण दाबावं लागलं.

त्यानंतर त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद दिसू लागले. गॅस बंद. किल्ली घेतली. खिडकी लावली. गळ्यात दोरीला बांधलेली वही आली. जो भेटेल त्याला विचारत, "काल आपण बोललो होतो ना? काय बोललो होतो?" उत्तर वहीत लिहीत. कपडे शिवणं बंद केलं, कारण कोणाचा कोट कोणाचा यात चूक झाली तर? चूक एकदाही झाली नव्हती. हेमा म्हणायची, "अहो, त्यांना सगळं आठवतं हो. मला चिवड्यात मागच्या वेळी मीठ कमी होतं, हेसुद्धा सांगितलं त्यांनी." मी वर्तमानपत्र चाळत राहायचो.

वसंतात योशिएसान त्यांना आपल्या गावाजवळच्या वृद्धांच्या घरात घेऊन गेली. एकट्या ठेवणं धोक्याचं, असं ठरलं. कशावरून ठरलं? दांचीत सगळे एकच उदाहरण देत होते. पेटीचं.

वर्षभराने मी पेटी बाहेर काढली. हेमाला म्हणालो, कोबेला जुन्या मित्राकडे गेलो होतो, बंदराजवळच्या दुकानात मिळाली. हेमाने पेटीभोवती एक फेरी मारली. सगळ्यात खालचा खण ओढला, वाकून आत पाहिलं, परत ढकलला. वरचा खण हवेने थोडा बाहेर आला. ती त्या बाहेर आलेल्या खणाकडे बघत राहिली.

"यात मी माझं काही ठेवणार नाही हं," म्हणाली.

घरातल्या प्रत्येक डबीत, प्रत्येक खणात बटणं, सुया, लवंगा, औषधं भरणारी बाई. तिने त्या पेटीत सात वर्षांत टाचणी ठेवली नाही. तिला कळलं होतं? मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला. अजून पेटीत फक्त माझ्या रंगाच्या नळ्या आहेत.

आणि तुम्ही यायला लागलात. पुण्याहून, मुंबईहून आलेली तरुण जोडपी, दिवाळीच्या फराळाला. पेटी सगळ्यांना आवडायची. आणि मी कोबेची गोष्ट सांगायचो. दरवर्षी ती थोडी वाढायची. आधी नुसतं दुकान होतं. मग दुकानात म्हातारी आली. मग तिने मला जवाचा गार चहा दिला. मग ती म्हणाली, तुमच्या डोळ्यांत कदर दिसते, घेऊन जा. हे वाक्य सांगताना माझा आवाज थोडा भरून यायचा. खरंच यायचा! ढोंग नव्हतं ते, म्हणूनच तर ते भयंकर आहे. कोण होती ती म्हातारी? जिने मला पेटी आनंदाने दिली, अशी एक म्हातारी मी बनवली होती.

गेल्या डिसेंबरात योशिएसानचं पोस्टकार्ड आलं. घरात मृत्यू झाला की इथे नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाहीत. त्याऐवजी आधी करड्या किनारीचं कार्ड पाठवतात, यंदा आम्ही शोकात आहोत म्हणून. छापील ओळी होत्या. आई, फुमी, वय नव्वद. खाली बारीक अक्षरात तिने हाताने लिहिलं होतं. मी जपानी बोलतो बरं, वाचतो हळू. एकेक अक्षर लावत वाचलं.

'आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की स्टिकर लावलाच नव्हता, पेटी नवव्या मजल्यावर आहे. आजारामुळे तिने आपल्यासारख्या सज्जन शेजाऱ्यावर संशय घेतला. तिच्या वतीने मी मनापासून क्षमा मागते.'

क्षमा. माझी.

म्हणजे त्या दिवशी दारात त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हाच त्यांना कळलं होतं. आणि पुढची दहा वर्षं त्या खरं बोलत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी ते खरं बोलणं हेच त्यांच्या आजाराचं लक्षण ठरत गेलं. कोणी हात थोपटून 'हो, हो' म्हणत असेल. सारं कळणाऱ्या माणसाला असं 'हो, हो' म्हणणं कसं वाटत असेल? मी कल्पना करायला बसतो आणि उठतो. बसवत नाही.

शेवटी शेवटी त्या खरोखर विसरू लागल्या असतील. ऐंशी-नव्वदीत होतंच, मी नसतो तरी झालं असतं. हे वाक्य मी गेल्या दहा महिन्यांत किती वेळा जुळवलं असेल! ते खरंही असेल. पण ते तेच वाक्य आहे जे मी दारात उभं राहून त्यांना म्हणालो होतो. दुसऱ्यांदा वापरणार नाही. एकटेपणा म्हणावं, तर तेव्हा हेमा होती. गरज म्हणावी, तर घर वस्तूंनी भरलेलं होतं. मला ती पेटी हवी होती. मग मला सज्जन राहायचं होतं. दोन्ही मिळालं.

आज सकाळी योशिएसानला पत्र टाकलं. जपानीत, स्वतःच्या हाताने, चुका असतील तशा. इथे जे लिहिलंय तेच तिथे आहे, फक्त थोडक्यात. पेटीला काळा रंग दिलाय, तो निघणार नाही, पट्ट्या मी नष्ट केल्या, हेही लिहिलं. रंगाच्या नळ्या काढून पेटी रिकामी केली आहे. खण बाहेर काढून, मध्ये बोटभर फट सोडून, उत्तरेच्या खिडकीखाली सावलीत उभे ठेवलेत. तिला हवी असेल तर पेटी जाईल. नको असेल तर ती काय म्हणेल तसं.

केतकी, तू मागितलं होतंस ते हे नाही, मला माहीत आहे. छापशील तर कोबेचं दुकान, तिथली म्हातारी, जवाचा चहा — जे जे मी तुम्हाला सांगितलं, ते सगळं खोटं होतं, असंही छाप.

आणि दांचीत अजून जे कोणी इशिदासानची आठवण काढतात, 'बिचाऱ्या, स्वतःच पेटी टाकली आणि विसरल्या' असं म्हणतात, त्यांच्यासाठी एवढं नोंदवून ठेवतो. त्या दिवशी पेटीवर स्टिकर नव्हता. इशिदासाननी ती वारा द्यायला सावलीत ठेवली होती, आणि दुपारी त्या ती आत न्यायला आल्या होत्या. त्या काहीही विसरल्या नव्हत्या.